फुटामागे एक सूत

आज्जाच्या खिशात दोन पट्ट्या असायच्या.
एक सगळ्या जगाची.
दुसरी उद्यमनगरातली, फुटामागे एक सूत लांब.
"लोखंड गार झालं की आखडतंय, बाळ.
म्हणून लाकडाचा साचा थोडा मोठाच करायचा,
मग वस्तू मापात येती."

एकदा त्याच लांब पट्टीनं भिंतीवर मी माझी उंची मोजली,
चार फुटांत अर्धा इंच कमी भरले,
आणि रडले.
तो हसला नाही.
पट्टी काढून घेतली, म्हणाला,
"हिनं माणसं मोजायची न्हाईत."

शांतवन दाविद आवळे, पॅटर्नमेकर.
भुवयांत सागवानाचा भुसा,
डाव्या करंगळीचं एक पेर करवतीला दिलेलं.
रविवारी पांढरा सदरा,
चर्चमध्ये तिसरा बाक, खांबाच्या आड,
जिथून पाळक दिसतच नाहीत.
"ऐकू येतंय की," म्हणायचा.
गाण्यात तो कायम अर्धी ओळ मागं.
सगळ्यांचं आमेन होऊन जायचं,
मग त्याचं एकट्याचं यायचं.

जेवणाआधीची प्रार्थना एवढी लांब
की आमटीवर साय धरायची.
भट्टीवरचा बाबू, आजारी पोरीचा बाप इस्माईल,
एकेकाचं नाव.
पगार थकवणाऱ्या शेठजींचंही.
तिथं जरा थांबायचा,
घसा खाकरायचा,
आणि घ्यायचा.

सगळंच चांगलं होतं असं नाही.
आत्यानं चर्चबाहेर लग्न केलं
तर नऊ वर्षं तिच्याशी शब्द नाही.
प्रार्थनेत नाव रोज,
पत्राला उत्तर नाही.
दहाव्या वर्षी एकटाच एस.टी.नं गडहिंग्लजला गेला,
मांडीवर सुटा केलेला पाळणा घेऊन.
तिथं काय बोलला
ते आत्या अजून सांगत नाही.

आज्जीचे डोळे साखरेनं गेले, हळूहळू,
आधी सुईचं नेढं, मग आमची तोंडं.
तेव्हा त्यानं चौकटींवर
तिचा हात पोचेल तिथं लाकडी खुणा ठोकल्या.
स्वयंपाकघराला मासा,
न्हाणीला थेंब,
बाहेरच्या दाराला चिमणी.
"चिमणीपाशी थांबायचं, लिदिया, मी आलोच."
रोज सकाळी तिची वेणी घालायचा,
साडेनऊ बोटांनी, एका बाजूला सैल.
मग पेपर वाचून दाखवायचा,
निधनवार्ता सोडून सगळा,
शेवटी गुळाचा भाव.
तिला गूळ बंद होता.
पण भाव ऐकायची हौस.
"वाढला व्हय?" म्हणायची,
जणू उद्या अख्खी रव घेणार होती.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
भाव वाचून चष्मा पुसायला घेतला
आणि प्रभूत निजला.
आज्जी बराच वेळ विचारत राहिली,
"वाढला का उतरला?"

पेटी इस्माईलनं केली,
रातोरात, बंद कारखान्यात, एका बल्बवर.
सकाळी टेम्पोतून उतरवली तेव्हा
बाबांना ती जरा लांब वाटली.
खड्डा आधीच मापानं खणून झालेला.
"पट्टी कुठली धरलीस रे?"
"त्यांचीच," इस्माईल म्हणाला,
आणि खाली बघत राहिला.
पाच-साडेपाच सूत.
कुणी काही बोललं नाही.
पाळकांनी घड्याळ बघितलं.

मग आज्जीला पुढं आणलं.
तिनं झाकणावर तळवा ठेवला,
कडेकडेनं बोटं फिरवत गेली,
जन्मभर त्याचे साचे तिनंच तर घासलेले,
आणि पायथ्याच्या कोपऱ्याला थांबली.
"हितली कड घासायची राहिलीया."

इस्माईलनं खिशातून पॉलिश पेपर काढला,
गुडघ्यावर बसला.
आम्ही सगळे उभे, हातात फुलं.
खर्र, खर्र.
भुसा त्याच्या भुवयांवर बसत होता.
आज्जी कान देऊन ऐकत होती,
आणि पुरे म्हणत नव्हती.